मधपेट्या कुठं ठेवू? आधी तिथं मे महिन्याच्या दुपारी जाऊन बसा

काका नमस्कार. मी केज तालुक्यातून लिहायलोय, वय 27. घरची साडेसहा एकर जमीन, सोयाबीन-तूर, एकरभर ऊस, थोडी ज्वारी. पुण्याला जाऊन मधमाशी पालनाचं ट्रेनिंग करून आलो आणि मेलिफेराच्या, म्हणजे पाळीव विलायती मधमाशीच्या, 10 पेट्या बुक केल्यात, जानेवारीत मिळतील. आता घरात रोज वाद चाललाय की ठेवायच्या कुठं. वडील म्हणतात आखाड्याजवळ, म्हणजे शेतातल्या घरापाशी, कडुलिंबाखाली ठेव, विहीर जवळ आहे, डोळ्यासमोर राहतील, पण गोठा तिथंच आहे. चुलतभाऊ म्हणतो उसाच्या धुऱ्याला ठेव, त्याचं गुऱ्हाळ तिथून हाकेवर आहे आणि पत्र्याचं एक शेड रिकामं आहे. मला स्वतःला ओढ्याकाठची जागा आवडली, तिथं करंज, जांभूळ, बाभळी, दोन जुन्या चिंचा आहेत, पण ओढा फेब्रुवारीतच आटतो आणि घरापासून लांब आहे. मी तिन्ही जागा परवाच नीट फिरून बघितल्या, तूर मस्त फुलात आहे. आई भेते, ती म्हणते कुठंही ठेव पण पूर्वेला तोंड कर आणि पूजा केल्याशिवाय ठेवू नको. तुम्ही सांगाल तसं करतो.
एक वाचक, केज

काका म्हणलास म्हणून सरळ अरेतुरे करतो, राग मानू नको.

उत्तर आधीच सांगून टाकतो, कारणं मग सांगत बसतो, तुम्हा पोरांना दोन मिनिटांच्या वर धीर नसतो. ओढ्याकाठची जागा घे. पण अगदी काठाला नाही, जरा वर चढावर, जिथं पावसाळ्यात पाणी येत नाही आणि टेम्पो उभा राहू शकतो तिथं. पत्र्याच्या शेडचं नावही काढू नको. आखाड्याचा लिंब चांगलाय, वडील चुकीचं काही सांगत नाहीत, पण गोठा आडवा येतोय.

आता तुझ्या पत्रात मला खटकलं ते. तू तिन्ही जागा परवा बघितल्यास. परवा म्हणजे तूर फुलात असताना. अरे बाबा, या दिवसांत आपल्याकडं कुठलीही जागा चांगलीच दिसते. रान पिवळंधमक, ओढ्याला पाणी, हवा गार, माशी पन्नास पावलं उडाली की पोट भरतंय. आत्ता पेटी एसटी स्टँडवर ठेवलीस तरी माश्या खुश राहतील. मराठवाड्यात माशी मरते ती एप्रिल-मे मध्ये, आणि उरली तर जुलै-ऑगस्टच्या झडीत उपासानं. म्हणून मला कुणी जागा विचारली की मी एकच सांगतो, मे महिन्यात दुपारी दोन वाजता तिथं सतरंजी टाकून तासभर बस, मोबाईल खिशात ठेवून. सावली कुठं सरकती ते बघ, झळ कुठून येती ते बघ, पाणी किती लांब ते बघ, आणि वरच्या झाडात गुणगुण ऐकू येती का ते ऐक. तुला स्वतःला तासभर बसवलं नाही तर पेटीतल्या 30-40 हजार जिवांना कसं बसवेल?

तुला मे पर्यंत थांबायला जमणार नाही, पेट्या जानेवारीतच येणार. मग एक सोपा उपाय सांगतो. गावात शेळ्या चारणारा कुणीतरी म्हातारा असंलच, त्याला गाठ आणि विचार की उन्हाळ्यात दुपारच्याला शेळ्या कुठं बसवता. तो ज्या झाडाचं नाव घेईल ते झाड लक्षात ठेव. या माणसाला कुठल्या झाडाची सावली तीनला पण टिकते, वारं कुठं लागतं, पाणी कुठल्या डोहात शेवटपर्यंत राहतं, सगळं माहीत असतं. आपण ट्रेनिंग घेऊन येतो आणि यालाच विचारायचं विसरतो.

पत्र्याच्या शेडवर एवढा का चिडलो ते सांगतो, कारण त्यात माझेच हात पोळलेत. सुरवातीला माझ्या 6 पेट्या होत्या, मित्राचं शेड रिकामं होतं, म्हणलं सावली ती सावली, पावसाची पण काळजी नाही. मार्च निघाला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी चारच्या सुमारास गेलो तर लांबूनच वास आला, मध उकळल्यासारखा. दोन पेट्यांच्या दारातून मध बाहेर वाहत होता, बारीक धार, खाली फळीवर साचून मातीत चिखल झालेला, त्या चिखलात माश्या लडबडलेल्या, पंख चिकटलेले, आणि मुंगळ्यांची रांग थेट पार भिंतीपर्यंत. झाकण काढलं तर भरलेली पोळी फ्रेममधून सुटून एकावर एक पडलेली, खाली राणी दबून गेलेली. मेण वितळायला 60 च्या पुढं डिग्री लागते हे मला पण माहीत होतं, पण मधानं जड झालेलं नवं पोळं त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं आणि स्वतःच्याच वजनानं फाटतं, हे नव्हतं माहीत. पत्र्याखालची उष्णता झाडाच्या सावलीसारखी नसते रे, झाड श्वास घेतं, पत्रा दुपारभर वरून शेकत राहतो. बाकीच्या 4 पेट्या वाचल्या कारण त्या शेडच्या कडेला होत्या आणि तिथं शेवग्याची थोडी सावली येत होती. एवढ्या फरकानं.

माश्यांना पिल्लांच्या जागी 34-35 डिग्री लागते. बाहेर 43 असली की त्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि दारात उभं राहून पंखानं वारं घालतात. म्हणजे उन्हाळ्यात अर्ध्या माश्या मध आणायच्या ऐवजी पाणी भरत असतात, बायका टँकरच्या मागं पळतात तसंच. जागा गार असेल तेवढी ही पाण्याची खेप कमी.

आता चारा. इथं तू मला साडेसहा एकराचा हिशोब सांगितलास, तो बाजूला ठेव. मेलिफेरा आरामात दोन किलोमीटरपर्यंत जाते, वेळ आली तर अजून लांब. दोन किलोमीटरचं गोल वर्तुळ म्हणजे साधारण 3100 एकर होतं. त्यात तुझे साडेसहा. म्हणजे तुझ्या माश्या जेवायला कायम दुसऱ्याच्याच घरी जाणार, आणि म्हणून जागा निवडताना स्वतःचं वावर बघून काही उपयोग नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघायचं. मोबाईलवर गुगल मॅप उघड, सॅटेलाईटचा फोटो लाव, तुझ्या ओढ्यावर बोट ठेव आणि चारी बाजूला दोन किलोमीटर काय काय आहे ते बघ. हिरवी झाडोऱ्याची पट्टी कुठं आहे, डोंगर कुठं आहे, नुसता चौकोनी ऊस कुठं आहे. मग गाडी काढ आणि प्रत्यक्ष फिर.

आणि फिरताना पिकं कमी बघ, झाडं जास्त बघ. हे मी जाणूनबुजून सांगायलोय, कारण पुस्तकात पिकांची यादी असते आणि पोरं ती पाठ करून येतात. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. आमच्या लातूर-धाराशिवकडं एके काळी सूर्यफूल काय होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूला, आता शोधून सापडत नाही, सगळीकडं सोयाबीन. सोयाबीनचं फूल इवलंसं, स्वतःच्याच परागानं बसतं, माशीला त्यातून फार मिळत नाही. हरभऱ्याचं तसंच. ऊस तर फुलायच्या आधीच कारखान्याला जातो, म्हणजे हिरवंगार दिसणारं उसाचं शिवार माशीसाठी वाळवंटच. ज्वारी-मक्यावर पराग मिळतो, मकरंद नाही. उरली तूर, कापूस, करडई, तीळ, आणि कुणी बियाण्यासाठी कांदा लावला असेल किंवा धने केले असतील तर ते. हे सगळं मिळून फेब्रुवारी अखेरपर्यंत पुरतं. त्यानंतर शिवार उघडं पडतं.

मग मार्च ते जून कोण खाऊ घालतं? झाडं. शेवगा आधीपासूनच चालू असतो. मार्च-एप्रिलला लिंब फुलतो, रात्री अंगणात झोपलं की तो वास येतो बघ, जांभूळ त्याच सुमारास, मग करंज, आणि मे-जूनला चिंच. ज्यांची मुळं खोल गेलीत ती झाडं पाऊस असो नसो फुलतात. म्हणून तुझ्या ओढ्यावरच्या त्या दोन चिंचा तुझ्या साडेसहा एकरापेक्षा माशीला जास्त कामाच्या आहेत, कुणी तोडायला आला तर आडवा पड. ओढ्याच्या अंगानं वर-खाली एक किलोमीटर चालत जा आणि करंज, लिंब, चिंच, जांभूळ किती आहेत ते सरळ मोज, वहीत लिही. मोठी पन्नासभर झाडं सापडली तर डोळे झाकून पेट्या ठेव. पाच-सात सापडली तर 10 पेट्यांना उन्हाळा निघणार नाही, साखरेचा पाक करून करून तुझे हात दुखतील.

अजून एक खूण. त्या ओढ्याला कुठं फुलोरी माशीचं छोटं पोळं झुडपाच्या काडीला लटकलेलं दिसतं का, किंवा झाडाच्या ढोलीत सातेरी आहे का, हे बघ. जिथं रानची माशी उन्हाळ्यात पण टिकून आहे तिथं चारा-पाणी आहे म्हणून समज, तिला कुणी पाक पाजायला जात नाही.

लोक महाबळेश्वरचे व्हिडिओ बघून येतात हे पण बोलून घेतो. मांघर गाव 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, चांगलंच आहे, जाऊन बघण्यासारखं आहे. पण तिथं वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, दाट जंगल, तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मधावर जगलेली. आपल्याकडं 700 च्या आसपास, तोही कधी येईल न येईल. तिथली जागा निवडायची रीत इथं आणून चालत नाही. तिथं माणूस पावसापासून पेटी वाचवतो, इथं उन्हापासून.

पाण्याचं बोलू. तुझा ओढा फेब्रुवारीत आटतो हीच तुझ्या जागेची एकमेव मोठी खोट आहे, पण ती भरून काढता येते. 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं ते वर्ष, आमच्या घरच्या रांजणावर सकाळी अकराच्या सुमाराला माश्या यायच्या. रांजण पाझरतो ना, त्या ओल्या पोटावर ओळीनं डोकी खाली करून बसायच्या, हलायच्या नाहीत, पोट वरखाली होताना दिसायचं, भरलं की उडाली, दुसरी त्याच जागी. बायको म्हणाली हाकला, लेकरं पाणी प्यायला येतात. मी हाकललं नाही, बाजूला एक मातीची परात ठेवली, त्यात खडे टाकले, वर ओलं बारदान. पण त्या आठवडाभर परातीकडं आल्याच नाहीत, रांजणावरच बसत राहिल्या. माशीला एकदा पाण्याची जागा कळली की ती सोडत नाही. म्हणून तुला सांगतो, पेट्या ठेवशील त्याच दिवशी पाणी ठेव, मे ची वाट बघू नको. नाहीतर त्या शेजाऱ्याच्या हौदावर सवय लावून घेतील आणि मग रोजची भांडणं. पाणी पेटीच्या अगदी समोर ठेवायचं नाही, 15-20 फूट बाजूला, सावलीत, आणि उथळ. बुडून मरतात नाहीतर. जुना माठ बारीक भोक पाडून दगडावर ठेवलास आणि थेंब थेंब बारदानावर पडू दिलास तर दोन दिवस बघावं लागत नाही. आता प्रश्न राहिला की त्या ओढ्याला पाणी नेणार कसं. विहिरीवरून पाईप टाकता आला तर उत्तमच, नाहीतर एप्रिल-मे मध्ये एक दिवसाआड दोन घागरी. हे जमणार असेल तरच ओढा. जमणार नसेल तर माझं सगळं उत्तर बदलतं हे लक्षात ठेव.

आता गुऱ्हाळ. तुझा चुलतभाऊ मनानं चांगला असंल, गोड तिथं माशी असा त्याचा हिशोब. पण उलटं होतं. गुऱ्हाळ चालू झालं की माशी फुलाकडं जायचं सोडते, आयतं मिळतंय म्हणल्यावर कोण कष्ट करंल. मळीच्या फेसावर, रसाच्या टाकीवर जाते आणि काहिलीच्या वाफेत पडून मरते. मी एका गुऱ्हाळावर सकाळी बघितलेलं आहे, गडी झाऱ्यानं फेस काढत होता आणि फेसात काळे ठिपके, ते ठिपके म्हणजे माश्या. त्यानं सहज म्हणलं, हे रोजचंच आहे. कुणाच्या तरी पेट्या रोज थोड्या थोड्या रिकाम्या होत होत्या आणि त्या माणसाला वाटत असंल रोग आलाय. कारखान्याच्या मळीचं पण तसंच, आणि उन्हाळ्यात रस्त्यावरच्या रसवंत्यांचं. तुझा ओढा गुऱ्हाळापासून किती लांब आहे ते तू लिहिलं नाहीस. तीन किलोमीटर असलं तर निर्धास्त राहा. एक-दीडच असलं तर तूर संपल्यावर त्या माश्या तिकडं वळणारच, त्याला इलाज एकच, त्या दिवसांत पेट्या तिथं ठेवायच्याच नाहीत.

हे ऐकून तू म्हणशील मग नेऊ कुठं. तर ऐक, मेलिफेरा पाळायची म्हणजे आपल्याकडं एका जागी बारा महिने होत नाही. तुझ्या पेट्या जानेवारीत येणार ना, तेव्हा तूर संपत आलेली असते. मग थेट ओढ्यावर आणूच नको. कुठं करडई आहे, कुणी कांद्याचं बी धरलंय, धने आहेत, जालन्याकडं मोसंबीचा आंबे बहार फुटतोय, तिथं लाव. बियाण्याचा कांदा करणारे तर माश्यांसाठी वाट बघत असतात, नीट बोलणी केलीस तर भाडं पण देतील. मार्चच्या सुरवातीला, लिंबाला मोहर यायच्या आधी, पेट्या घेऊन घरी ये आणि ओढ्यावर ठेव. तोवर गुऱ्हाळाचा हंगामही उरकत आलेला असतो.

पण एक चूक करू नको, घरच्या घरी हलवाहलव. उन्हाळ्यात ओढ्यावर, पावसाळ्यात आखाड्यावर, तुरीला धुऱ्यावर, असं डोक्यात येतंच प्रत्येकाच्या, माझ्या पण आलं होतं. माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. आमच्याकडं एकानं रात्री पेटी उचलून दोनशे पावलांवर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर जुन्या रिकाम्या स्टँडवर ओंजळभर माश्यांचा गोळा, एकमेकींना धरून बसलेला. सकाळी चारा आणायला गेलेल्या सगळ्या तिथंच परत आल्या होत्या. रात्री थंडीनं निम्म्या गेल्या. पेटी हलवायची तर रोज हात-दीड हात सरकवत न्यायची, नाहीतर सरळ तीन किलोमीटरच्या पुढं, मधलं काही नाही. म्हणजे तुझ्या शिवारात तुला एकच जागा निवडायची आहे आणि ती उन्हाळ्याची असली पाहिजे.

आखाड्याचा लिंब का नको तर बैल-म्हशी. बांधलेल्या जनावरावर माश्या उठल्या तर ते दावं तोडून पळू शकत नाही, हे डोळ्यासमोर आण म्हणजे कळेल. घामाचा वास, शेणाचा वास, काळी म्हैस, या सगळ्यांनी माशी चवताळते. एरवी काही होणार नाही, महिने महिने होणार नाही, आणि एका दिवशी कुणीतरी पोरगं पेटीला दगड मारंल आणि झालं. गोठ्यापासून शंभर-दीडशे फूट तरी लांब, आणि मधे शेवरीची किंवा तुराट्यांची सहा-सात फुटांची आडोशी भिंत. आडोसा असला की माशी दारातून निघून वरच्या वर जाते, माणसाच्या डोक्याच्या उंचीला येत नाही. हा आडोसा ओढ्यावर पण कर, तिथं पश्चिमेकडून झळ येते ती पण अडते. पायवाट, शाळेची वाट, पाणवठ्याची वाट यांच्या समोर दार येऊ देऊ नको.

फवारणीचं काय सांगू, हा आमच्या जिव्हाळ्याचा आणि रडण्याचा विषय. तूर फुलात आली की शेंगा पोखरणारी अळी पडते आणि सगळे पंप घेऊन बाहेर पडतात, नेमकं माश्या फुलावर असताना, सकाळी नऊ ते अकरा. संध्याकाळी जाऊन बघावं तर पेटीच्या दारासमोर मेलेल्या माश्यांचा सडा, सोंड बाहेर आलेली. जागा कितीही चांगली असली तरी शेजारी कापूस-तुरीवर आठवड्याला फवारत असेल तर ती जागा वाईटच. भांडून काही होत नाही, मी भांडून बघितलंय. जागा पक्की करायच्या आधी आजूबाजूच्या दहा-बारा जणांच्या घरी जा, चहा पी, फवारणी संध्याकाळी सहानंतर करा आणि आदल्या दिवशी फोन करा एवढंच माग. पुढच्या वर्षी पहिल्या मधाची बाटली त्यांना नेऊन दे. दहापैकी सात जण ऐकतात. फोन आला की रात्री दारं जाळीनं बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शक्य तितक्या लवकर उघडायची, उन्हात कोंडून ठेवलंस तर औषधाच्या आधी उष्णतेनं मरतील.

बारकी सारकी कामं पटापट सांगतो. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, पाण्यावर थोडं जळकं तेल, नाहीतर मुंगळे एका रात्रीत वाट लावतात, आणि गवताची काडी पेटीला टेकू देऊ नको, त्या पुलावरूनच चढतात. काळ्या रानात स्टँड पावसाळ्यात एका बाजूला खचतं, म्हणून खाली मुरूम टाक किंवा फरशी बसव. टेम्पो पण काळ्या रानात फसतो आणि भरलेली पेटी डोक्यावर अर्धा किलोमीटर आणली की मधाची गोडी कमी होते, म्हणून गाडीवाटेजवळची मुरमाड जागा बघ. पेटी पुढच्या बाजूला बोटभर उतरती ठेव म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. दोन पेट्यांत सहा-आठ फूट. दहाही पेट्या एका रेषेत एका रंगाच्या लावू नको, माश्या घर चुकतात, कुणाला निळा, कुणाला पिवळा, कुणाला पांढरा रंग दे. उन्हाळ्यात झाकणावर कडब्याची पेंढी आणि वर ओलं बारदान.

ओढ्याचा एक धोका मात्र नीट तपास, वेडा राघू. हा हिरवा पक्षी तारेवर बसतो, टपकन उडतो, माशी धरतो, परत त्याच जागी येऊन तारेवर आपटून आपटून काटा काढतो आणि गिळतो. बघायला मजा वाटते पहिले दोन दिवस. विजेची तार डोक्यावरून जात असेल तर ती जागा सोड, त्यांना बसायला आयती फांदी मिळते. आणि ओढ्याची मातीची उभी दरड असेल तर तिच्यात बोटा-दोन बोटांची भोकं आहेत का बघ, उन्हाळ्यात ते तिथंच पिल्लं काढतात. भोकं दिसली तर पेट्या तिथून दोन-तीनशे फूट तरी वर घे. मारू नको त्यांना, त्यांचं पण पोट आहे.

10 पेट्या पहिल्याच वर्षी घेतल्यास, माझं मत विचारलं असतंस तर 3 घे म्हणलो असतो. आता बुक केल्यात तर 4 स्वतःकडं ठेव आणि बाकीच्या 6 पहिल्या उन्हाळ्यापुरत्या एखाद्या जुन्या पेटीवाल्याच्या पेट्यांसोबत फिरायला पाठव, मधात वाटा दे. त्या चार पेट्यांवर ओढ्याची परीक्षा होऊ दे. मे महिन्यात दर आठ दिवसांनी झाकण उचलून पिल्लं आहेत का बघ, राणी अंडी घालत असेल तर जागा पास. अंडी बंद झाली, मध संपत चालला, तर पाक सुरू कर आणि पुढच्या वर्षी उन्हाळ्यासाठी दुसरं गाव शोध.

राहिली आई. पूर्वेला तोंड म्हणतात ते बरोबरच आहे, सकाळचं ऊन दारावर पडलं की माश्या लवकर कामाला लागतात, आग्नेयेला केलं तरी चालतं, पश्चिमेला मात्र करू नको. पूजा करू दे त्यांना, नारळ फोड, पाणी तिथल्याच परातीत ओत. फक्त उदबत्ती पेटीच्या दारात खोचू देऊ नको, दहा-पंधरा फुटांवर लावा, आणि त्या दिवशी त्यांना सुवासिक तेल आणि गजरा टाळायला सांग. बाजूला उभं राहायचं, दारासमोर नाही, हे एकदा त्यांना दाखव. माझी आई पण भ्यायची, मग एक दिवस तिनंच मला सांगितलं की तिसऱ्या पेटीचा आवाज बदललाय. उघडून बघितलं तर राणी नव्हती.